सूर्याचे वर्ष ३१ मार्चला संपत नाही

मा. अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र वीज नियामक आयोग,
मुंबई



मागणी एकच आहे, म्हणून ती आधीच मांडते. घराच्या छतावर तयार झालेली सोलरची वीज आणि त्या घराने वापरलेली वीज यांचा वार्षिक हिशेब आपल्या २०१९च्या विनियमांनुसार १ एप्रिलला सुरू होतो आणि ३१ मार्चला मिटवला जातो. तो १ ऑक्टोबरला सुरू व्हावा आणि ३० सप्टेंबरला मिटावा. दर बदला असे मी म्हणत नाही, अनुदान वाढवा असेही म्हणत नाही. फक्त तारीख बदला. वर्षाचे चार महिने जिथे आभाळ भरलेले असते, तिथे छतावरच्या विजेने घराची किती बचत होणार हे बऱ्याच अंशी या एका तारखेवर ठरते. हे पत्र उघडपणे लिहिण्याचे कारण असे की हा हिशेब माझ्या शेजाऱ्यांच्याही बिलात आहे, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना तो कुणी नीट समजावून सांगितलेला नाही.

मी चिपळूणला राहते. आमच्या स्लॅबवर तीन किलोवॅटचे सोलर आहे. दुपारी घरात वापर कमी असतो, तेव्हा जास्तीची वीज तारेवर जाते. संध्याकाळी दिवे, पंखे, फ्रिज त्याच तारेवरून वीज घेतात. नेट मीटर दोन्ही मोजतो. महिन्याअखेर घेतलेल्या युनिटांतून दिलेली युनिटे वजा होतात. दिलेली जास्त भरली तर ती पुढच्या महिन्यासाठी जमा राहतात. असा जमाखर्च महिन्यामागून महिना ३१ मार्चपर्यंत चालतो. त्या दिवशी खात्यावर जी युनिटे शिल्लक असतील ती वितरण कंपनी त्या वर्षासाठी ठरलेल्या खरेदी दराने घेते, आणि १ एप्रिलला खाते शून्यावर येते. खरेदीचा हा दर आपण बिलात भरतो त्या दराच्या बराच खाली असतो.

ज्या देशात वर्षभर सारखेच ऊन पडते तिथे हिशेब कुठल्याही तारखेला मिटवला तरी बिघडले नसते. आपल्याकडे तसे नाही. सोलर बसवून देणारे सगळे एकच आकडा सांगतात: एका किलोवॅटमागे दिवसाला चार युनिट, महिन्याला १२०. वर्षाची सरासरी म्हणून हा आकडा खोटा नाही. पण बिल सरासरीचे येत नाही, महिन्याचे येते, आणि महिन्यांमहिन्यांत केवढा फरक पडतो ते इन्व्हर्टरचा आकडा रोज पाहणाऱ्यालाच कळते.

मार्च हा बहुधा सर्वांत चांगला महिना. आभाळ निवळलेले, दिवस वाढलेला, हवा अजून भाजणारी नाही. किलोवॅटमागे साडेचार-पाच युनिट सहज मिळतात. एप्रिल-मेमध्ये ऊन आणखी कडक होते, म्हणून वीजही वाढेल असे वाटते. तसे होत नाही. पॅनेलवर लिहिलेली क्षमता ही पॅनेलमधल्या सौरपेशी २५ अंश सेल्सिअसला असताना मोजलेली असते. भर दुपारी छतावरचे पॅनेल ६०-६५ अंशांपर्यंत तापते, आणि सिलिकॉनच्या पॅनेलची ताकद दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी उतरते. म्हणजे नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्याच्या दुपारी, डोक्यावर सूर्य तळपत असताना, बारा-चौदा टक्के वीज उष्णतेनेच खाल्लेली असते. त्यात ऑक्टोबरपासून पाऊस नाही, त्यामुळे काचेवर धूळ बसलेली. आणि याच दोन महिन्यांत घरातला वापर सर्वांत जास्त: कूलर, एसी, रात्रभर फिरणारे पंखे, सारखा चालू होणारा फ्रिज.

मग पावसाळा. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलैत किलोवॅटमागे दिवसाला दोन-अडीच युनिट मिळाली तरी बरे म्हणायचे. संततधार लागली की दिवसभरात एक युनिटही होत नाही. पॅनेल ढगातून झिरपणाऱ्या उजेडावरही चालते, पण काळ्या दाट आभाळाखाली ते आपल्या क्षमतेच्या दहा-वीस टक्क्यांवर येते. दुसरेही एक कारण आहे, ज्याचा उल्लेख क्वचित होतो. आपल्याकडे पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, पंधरा-वीस अंश कलवून बसवतात. वर्षाच्या एकूण निर्मितीसाठी ते योग्यच आहे. पण चिपळूण साडेसतरा अक्षांशावर आहे, आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत इथे माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. त्या दिवसांत पॅनेल सूर्याकडे थोडी पाठच करून असतात. म्हणजे ज्या महिन्यांत ढग, त्याच महिन्यांत कोनही प्रतिकूल. उलट डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेला खाली उतरलेला असतो, तेव्हा हाच उतार कामी येतो.

श्रावण-भाद्रपदातला ऊन-पाऊस हा वेगळाच प्रकार. पाऊस काच धुऊन जातो, वारा पॅनेल थंड करतो, आणि ढग बाजूला सरकला की थेट उन्हात ढगाच्या कडेवरून परावर्तित झालेला उजेडही मिसळतो. तेवढ्या मिनिटभरात इन्व्हर्टरवर एप्रिलमध्ये कधी दिसला नाही असा आकडा दिसतो. पुढच्या मिनिटाला तो एक पंचमांशावर येतो. ज्यांचे सोलर नवे आहे त्यांचा अशा दिवसांत गोंधळ होतो, काही बिघडले का म्हणून फोन करतात. बिघडलेले काही नसते.

ऑक्टोबरपासून आभाळ उघडते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दिवस लहान असतो, पण काच धुतलेली, हवा थंड, सूर्य समोर. घरात पंखेही बंद. याच महिन्यांत खात्यावर युनिटे साठू लागतात, आणि साठत साठत ३१ मार्चपर्यंत पोहोचतात. तिथे ती संपतात.

हे आकड्यांत मांडते. आकडे नमुन्याचे आहेत, एका मध्यम घराला आणि तीन किलोवॅटच्या संचाला धरून. एप्रिल-मे मिळून घराने ९०० युनिट वापरली, छताने ८०० दिली. १०० कमी पडली. जून ते सप्टेंबर वापर १,३०० युनिट, निर्मिती ९५०, ३५० कमी. ऑक्टोबर ते मार्च वापर १,७५०, निर्मिती २,२५०; ५०० जास्त. वर्षाची बेरीज घेतली तर वापर ३,९५० आणि निर्मिती ४,०००. हे घर आपल्या गरजेपेक्षा पन्नास युनिटे जास्तच तयार करते. तरीही आजच्या तारखेने त्याला एप्रिल ते सप्टेंबर ४५० युनिट पूर्ण दराने विकत घ्यावी लागतात, कारण एप्रिलमध्ये खाते शून्य होते. आणि मार्चअखेर ५०० युनिट स्वस्तात द्यावी लागतात. आता तोच वापर, तीच निर्मिती, तेच दर ठेवा आणि वर्ष फक्त १ ऑक्टोबरला सुरू करा. हिवाळ्यात ५०० साठली. एप्रिल-मेमध्ये १०० गेली, पावसाळ्यात ३५० गेली. ३० सप्टेंबरला ५० उरली, ती कंपनीने घ्यावीत. बाहेरून विकत घेतलेली युनिटे जवळपास शून्य.

कोकणात पावसाळ्यापूर्वी घराघरांत आगोटीची बेगमी होते. तांदूळ, डाळी, मसाला, सुकी मासळी, लाकूडफाटा, सगळे मिरगाच्या आधी भरून ठेवायचे आणि चार महिने पुरवायचे. आजचा नियम ही कोठी भरली की ऐन पावसाच्या तोंडावर रिकामी करून घेतो आणि मग पावसात तोच तांदूळ दुकानातून आणायला सांगतो. ज्याने ही तारीख लिहिली त्याच्या मनात तसे नव्हते, हे मला मान्य आहे. आर्थिक वर्षाची तारीख सोयीची म्हणून घेतली गेली असणार. पण परिणाम तोच झाला आहे.

रकमेने हा फरक किती? आजच्या दरांत नमुन्याच्या घराला वर्षाला दीड-दोन हजार रुपये, असा माझा अंदाज. कुणाला हे थोडे वाटेल. पण ज्या घराची पावसाळ्यातली तूट महिन्याला शंभर युनिटांच्या आत राहते त्याचा हा हिशेब आहे. घरगुती दरात पहिली १०० युनिटे स्वस्त असतात आणि १०१ ते ३०० या टप्प्यात ऊर्जा आकार दुपटीच्या घरात जातो. घाटाखालच्या ज्या घरात जुलैची तूट दीडशे-दोनशे युनिटांची असते, त्याला वरचा टप्पा लागतो, त्यावर वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क. तिथे नुकसान पटीने वाढते.

पैशांहून मला दोन गोष्टींची जास्त काळजी वाटते.

पहिली अशी की मार्च आला की 'युनिटे फुकट जातील, वापरून टाका' असे बोलणे ऐकू येते. गरज नसताना एसी लावणे, गिझर चालू ठेवणे, इंडक्शनवर स्वयंपाक. माणसे वाईट नाहीत, नियमच त्यांना तसे सांगतो. आणि हा मार्च कोणता? राज्यात रब्बीचे पंप चालू आहेत, उन्हाळा लागला आहे, विजेची मागणी चढत्या टोकावर आहे. अशा वेळी वीज जपणाऱ्या घराला ती उधळायला लावणारा नियम आपल्या हातून राहू नये.

दुसरी गोष्ट संचाच्या आकाराची. फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० रुपये आणि त्यापुढे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान मिळते. म्हणजे तिसऱ्या किलोवॅटनंतरचा सगळा खर्च घराचा. तरीही जुलै-ऑगस्टचे बिल शून्यावर यावे म्हणून लोक पाच किलोवॅट बसवतात. कर्ज काढून बसवतात. पावसाळ्याचे बिल त्याने पूर्ण मिटत नाहीच, आणि हिवाळ्यात मात्र शिल्लक दुप्पट होऊन ३१ मार्चला स्वस्तात जाते. ज्या घराला तीन किलोवॅट पुरले असते ते पाचचे हप्ते भरत राहते. तारीख बदलली तर योग्य मापाचा संच बसवणे हेच लोकांच्या फायद्याचे ठरेल.

आता वितरण कंपनीची बाजू. ती नीट मांडल्याशिवाय माझी मागणी अर्धवट राहील. कंपनीची तार म्हणजे फुकटची बॅटरी नव्हे. दुपारी स्वस्त असताना घेतलेली वीज संध्याकाळी महाग असताना परत द्यायची, हे ओझे खरे आहे. एप्रिल-मेच्या संध्याकाळी तर ते जड असते. म्हणून ते नाकारत नाही. पण वरच्या नमुन्यात परत घ्यायच्या ४५० युनिटांपैकी ३५० पावसाळ्यातली आहेत. पावसाळ्यात शेतीपंप बंद असतात, राज्याची मागणी उतरते, धरणे भरत असतात. आणि आम्ही ज्या काळात जास्तीची युनिटे देतो तो रब्बीचा काळ. शेतकरी दिवसा वीज मागतो, आणि सरकार मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसाची सोलर वीज त्याला पोहोचवण्याचा प्रयत्न करते आहे. त्याच दुपारी, त्याच हंगामात आमच्या छतावरून वीज गावातल्या तारेवर जाते आणि जवळच वापरली जाते. हिवाळ्यात गरज असताना द्यायची आणि पावसात मागणी उतरलेली असताना परत घ्यायची, ही देवाणघेवाण कंपनीला तोट्याची नाही. दिवसाच्या कुठल्या तासाला वीज दिली आणि कुठल्या तासाला घेतली, यावर आपल्याकडे पुष्कळ वाद होतो. वर्षाच्या कुठल्या ऋतूत दिली-घेतली, हा प्रश्नही तितक्याच गांभीर्याने घ्यावा.

कंपनीची पुस्तके ३१ मार्चला बंद होतात, हा आक्षेप येईल. येऊ दे. पुस्तके बंद होताना शिल्लक युनिटे देणे म्हणून दाखवता येतात. बँक ३१ मार्चला आपली पुस्तके बंद करते, म्हणून खातेदाराची शिल्लक काढून घेत नाही.

आणि हंगामाप्रमाणे वर्ष मोजणे आपल्या राज्याला नवे नाही. माझ्या घरापासून जवळ पोफळीला कोयनेचे वीजघर आहे. सह्याद्रीवरून वळवलेले पाणी तिथे वीज करून वाशिष्ठीतून समुद्राला मिळते. १,९६० मेगावॉटचा हा प्रकल्प राज्याची संध्याकाळ सांभाळतो, आणि पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर पाणीवाटपाच्या लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. ते वर्ष कुठले? १ जून ते ३१ मे. कोयनेचे तांत्रिक वर्ष. कारण पाणी पावसात येते, आर्थिक वर्षात येत नाही. साखर कारखान्यांचे साखर वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असते, कारण ऊस तसा तयार होतो. ज्या राज्यात पाण्याची वीज पावसाच्या वर्षाने मोजली जाते, त्याच राज्यात उन्हाची वीज पावसाच्या वर्षाने मोजायला अडचण कसली?

३० सप्टेंबर ही तारीख मी कोकणासाठी म्हणून मागत नाही. विदर्भात पाऊस कमी असला तरी तोही जून ते सप्टेंबरचाच, आणि तिथे एप्रिल-मेचा वापर कोकणापेक्षा कितीतरी मोठा. मराठवाड्यात, खानदेशात, पश्चिम महाराष्ट्रात तूट कमीजास्त होईल, पण क्रम तोच राहील: हिवाळ्यात शिल्लक, उन्हाळ्यात आणि पावसात खर्च. राज्याच्या कुठल्याही कोपऱ्यात हा क्रम उलटा नाही.

मागणी एकच म्हटले, पण तिच्याबरोबर एक लहान गोष्ट व्हायला हवी. सोलर घेणाऱ्याला दिल्या जाणाऱ्या कागदावर वर्षाच्या सरासरीऐवजी बारा महिन्यांचे बारा आकडे छापणे सक्तीचे करावे, आणि ते त्या त्या जिल्ह्याचे असावेत. माहिती उपलब्ध आहे. भारतीय हवामान विभाग आणि चेन्नईची राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था सूर्याच्या उजेडाची मोजणी करतात. दापोलीच्या निवृत्त शिक्षकाला जुलैचा आकडा आधीच माहीत असेल तर तो जुलैत घाबरणार नाही आणि विकणाऱ्यावर संशयही घेणार नाही. त्याच कागदावर ठळक अक्षरांत हेही असावे की साधे ऑनग्रिड सोलर लाइट गेली की बंद पडते, उन्हातसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव वाचावा म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो, आणि ते तसेच असले पाहिजे. पण ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगड-श्रीवर्धनकडे लाइट किती काळ नव्हती हे ज्यांनी पाहिले, त्यांनी बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टरचा खर्च आधी विचारात घ्यायचा की नाही, हे ठरवण्याचा हक्क त्यांना मिळाला पाहिजे.

आपल्याकडून आलेले बरेच काही चांगले आहे. नेट मीटरची सोय या राज्यात टिकून आहे म्हणून माझ्यासारख्या घराला सोलर परवडले. केंद्राच्या नियमांतही दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक तपासणीविना मान्यता मिळू लागली, त्याने खेपा वाचल्या. म्हणूनच ही मागणी तक्रार म्हणून करत नाही. चालू असलेली चांगली गोष्ट आपल्या हवामानाला जुळवून घ्यावी, एवढे मागते.

तारीख बदलताना एक काळजी घ्यावी लागेल. ज्या वर्षी बदल होईल त्या वर्षी ३१ मार्चला खाती शून्य करू नयेत. तो एक कालावधी सलग अठरा महिन्यांचा, १ एप्रिलपासून पुढच्या वर्षीच्या ३० सप्टेंबरपर्यंत धरावा. नाहीतर संक्रमणातच एका हिवाळ्याची शिल्लक जाईल. ज्या ग्राहकाला जुनीच तारीख हवी असेल, उदाहरणार्थ ज्याचे घर उन्हाळ्यात बंद असते, त्याला एकदा लेखी पर्याय द्यावा.

विद्युत अधिनियम २००३च्या कलम १८१ने विनियम करण्याचा आणि बदलण्याचा अधिकार आपल्याकडे आहे, आणि बदलाआधी मसुदा प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवण्याची पद्धत आहे. तसा मसुदा निघाला तर माझी गेल्या काही वर्षांची बिले आणि महिन्यामहिन्याची निर्मिती मी सूचनेसोबत जोडेन. आमच्या आळीतल्या इतर सोलरधारकांनीही तसे करायचे कबूल केले आहे. मसुदा यंदाच्या ३१ मार्चच्या आधी निघावा, ही विनंती.

आपली,
चिपळूणची एक घरगुती वीजग्राहक